टक्के छापता, तर छेदही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परदेशी नेत्यांच्या ‘ऑनलाइन लोकप्रियते’च्या क्रमवाऱ्या हल्ली वृत्तपत्रांत जशाच्या तशा येतात. त्यांतली गोम ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांच्या उदाहरणावरून चांगली कळते.

संकेतस्थळावरचं ‘पसंत-नापसंत’चं बटण माणसं मोजत नाही, ब्राउझर मोजतं. एकदा दाबलं की ब्राउझरात कुकी, म्हणजे ओळखीची छोटी नोंद, बसते. ती पुसली की तोच गडी पुन्हा नवा मतदार. हे टाळायला काही संकेतस्थळं आयपी पत्त्यामागे (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकामागे) एकच मत धरतात. पण मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच आयपीमागे बसवतात, म्हणजे पहिल्याचं मत लागतं आणि बाकीच्यांचं गळतं. व्हीपीएनवाला, म्हणजे आपला खरा आयपी पत्ता लपवणारा, मात्र देश बदलत बदलत हवी तितकी मतं देतो.

कोणता शब्द किती शोधला गेला हे दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्सचा 100 हा आकडाही पाठिंब्याचा नव्हे. निवडलेल्या काळातला शोधांचा तो उच्चांक. सईद यांनी 25 जुलै 2021 रोजी संसद स्थगित केली. अशा दिवशी नाव शोधणारा खूश होता की धास्तावलेला, हे आलेखाला काय ठाऊक? त्यात हे नाव अरबीत एक, फ्रेंच वळणाचं दुसरं, इंग्रजी वळणाचं तिसरं. सगळी रूपं एकत्र धरणारा ‘विषय’ हा पर्याय न निवडता नुसता शब्द टाकला तर शोध तीन ठिकाणी विखुरतात.

सरकारनं स्वतः घेतलेला ऑनलाइन कौलही पाहा. जानेवारी ते मार्च 2022 मध्ये घेतलेल्या कौलात 86 टक्क्यांनी अध्यक्षीय पद्धत मागितली, असं सईद यांनी जाहीर केलं. भाग घेणारे होते जेमतेम पाच लाख पस्तीस हजार, देश सुमारे एक कोटी वीस लाखांचा!

मतपेटीतही तेच. 2019 च्या अंतिम फेरीत सईद यांना 72.7 टक्के मतं, ऑक्टोबर 2024 मध्ये 90.7 टक्के. लोकप्रियता वाढली म्हणायची? प्रत्यक्ष मतं सुमारे 27.8 लाखांवरून 24.4 लाखांवर आली. 2024 चं मतदान 28.8 टक्केच होतं आणि एक प्रतिस्पर्धी, अयाशी झम्मेल, तुरुंगात होते. नोंदणीकृत मतदारांच्या हिशेबात सईद यांचा वाटा पाव भरतो.

सप्टेंबर 2022 च्या 54 क्रमांकाच्या अध्यादेशानुसार ऑनलाइन ‘खोट्या बातमी’ला पाच वर्षांपर्यंत कैद, लक्ष्य सरकारी अधिकारी असेल तर दुप्पट. अशा देशात ‘नापसंत’ दाबायला बोट सहज धजेल असं धरून चालणं भाबडेपणाचं आहे.

तेव्हा क्रमवारी छापताना खाली एक ओळ हवी: एकूण मतं किती, कोणत्या तारखांना, भाग घेणारे निवडलेले की आपणहून आलेले, आणि एका माणसाचं एकच मत कसं राखलं. ही माहिती मिळत नसेल तर ती जागा पावसाच्या आकड्यांना द्यावी. तिथे निदान मिलिमीटर तरी असतात.

– एक वाचक, पुणे