डायलवाले कॅमेरे आणि तुझा प्रश्न

पुणे, रविवार दुपार

प्रिय सुध्या,

तुझा मेसेज वाचला आणि ठरवलं की याला व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उत्तर द्यायचं नाही, बसून नीट लिहायचं. तुझं म्हणणं असं की हे निकॉन झेडएफ, फुजीचे एक्स-टी नि एक्स १०० वगैरे म्हणजे जुन्या कॅमेऱ्यांचं सोंग आहे, आतला सेन्सर इतरांसारखाच, मग वर चार डायली (आकडे कोरलेली फिरवायची चाकं) लावल्या म्हणून जास्तीचे पैसे कशाला मोजायचे. आत सगळं डिजिटल आहे हे कबूल. पण डायल शोभेची आहे की कामाची हे प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळं असतं, आणि तू खरंच पैसे घालणार असशील तर नेमकं तेच बघून घाल.

माझा एक्स-टी ५ घे. कॅमेरा बंद आहे, गळ्यात लटकतोय, मी मंडईबाहेर चहा पितोय. नुसतं खाली बघितलं की कळतं, डावीकडे आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १२५, उजवीकडे शटर ५०० (म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग), लेन्सच्या रिंगवर ॲपर्चर ८ (लेन्सचं छिद्र, आकडा लहान तेवढं ते मोठं). उन्हाळ्यातलं अकरा-बाराचं ऊन असलं की हे आकडे लाइट मीटर न बघता बरोबर येतात, कारण रोलवाले जुने लोक सांगायचे ना की कडक उन्हात ॲपर्चर १६ ठेव आणि शटर फिल्मच्या स्पीडइतकं, म्हणजे आयएसओच्या आकड्याइतकं, त्याचंच हे रूप आहे, ॲपर्चर दोन स्टॉप उघडलं म्हणून शटर दोन स्टॉप पळवलं (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). आता मंडईच्या आत शिरायचं. ती १८८६ सालची इमारत, वर उंच छप्पर, आत एकदम काळोखी, कांद्याबटाट्याच्या गाळ्यांवर तेवढे बल्ब. चालता चालताच शटर १२५ वर आणलं, डाव्या हाताने रिंग २ वर, झाले सहा स्टॉप, कमी पडलं तर आयएसओची डायल आहेच. रिंगला एका स्टॉपचे तीन खटके असतात, ते कोणी मोजत बसत नाही पण बोटांना बरोबर अंदाज येतो. आणि हे सगळं कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधी झालेलं असतं रे! भाजीवाल्या मावशींनी वर बघितलं तेव्हा मी मेनूत घुसलेलो नसतो, त्यांच्याकडे बघत असतो.

अजून एक गोष्ट मला फार आवडते. फुजीच्या या कॅमेऱ्यांवर पी-एस-ए-एम असली, म्हणजे प्रोग्रॅम, शटर प्रायॉरिटी, ॲपर्चर प्रायॉरिटी, मॅन्युअल यातला मोड निवडायची डायलच नाही. शटर आणि रिंग दोन्ही ए (ऑटो) वर ठेवली की प्रोग्रॅम, म्हणजे दोन्ही कॅमेराच ठरवतो, रिंग हातात घेतली की ॲपर्चर प्रायॉरिटी, शटर पण हातात घेतलं की मॅन्युअल. मोड वेगळा निवडायचा नसतोच, तू जेवढं स्वतःकडे घेतोस त्यावर तो ठरतो. तुझ्या पुतणीला फोटोग्राफी शिकवायची असेल तर डोळे झाकून हाच कॅमेरा घे, दोन दिवसांत तिला कळेल की इकडे एक स्टॉप घेतला की तिकडे एक द्यावा लागतो.

आता झेडएफ. दिसायला मला तो सगळ्यात देखणा वाटतो. २०२३ मध्ये आला, रूप सगळं निकॉनच्याच १९८२ च्या एफएम २ या रोलच्या कॅमेऱ्यावर बेतलेलं, फुल फ्रेम (३५ एमएम फिल्मएवढा सेन्सर), २४.५ मेगापिक्सेल, आणि शटरच्या डायलखाली ब्लॅक अँड व्हाइटची वेगळी खिट्टी, ती मला मनापासून पटली, मूड बदलला की एका बोटात जग काळंपांढरं. डायली पितळेच्या आहेत, आणि पितळ म्हटलं की मला आपली तांबट आळी आठवते. डायल फिरवताना जो भरीव घट्टपणा हाताला लागतो तो प्लॅस्टिकच्या डायलला येत नाही, एकदा दुकानात जाऊन फिरवून बघ.

पण कुठे अडतं सांगतो. त्याच्या नव्या लेन्सवर आकडे कोरलेली ॲपर्चर रिंग नाही. सोबत येणाऱ्या ४० एमएम एफ २ च्या रिंगला ॲपर्चरचं काम नेमून देता येतं पण तिला ना आकडे ना खटके, म्हणून वरती एका इवल्याशा खिडकीत तो आकडा दाखवतात. तीन डायली तोऱ्यात मिरवायच्या आणि सगळ्यात जास्त वापरायची ती गोष्ट पुढच्या साध्या चाकाने फिरवायची, हे मला खुपतं. शिवाय खाली पी-एस-ए-एम ची खिट्टी आहेच, ती ए वर, म्हणजे इथे ॲपर्चर प्रायॉरिटीवर, असेल तर शटरच्या डायलवर काहीही लिहिलेलं असो, कॅमेरा ते ऐकतच नाही. डायलवर आकडा दिसतोय आणि तो खरा नाही, याला मी सोंग म्हणेन, तुझा शब्द तिथे अगदी बरोबर बसतो.

याच्या उलट २००४ सालचा एप्सनचा आर-डी १ बघ, कुठे फोटो मिळाले तर बघच. सहा मेगापिक्सेलचा डिजिटल रेंजफाइंडर (काचेतल्या दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा), आणि त्याला रोल पुढे सरकवायला असायची तशी लिव्हर होती, ती ओढल्याशिवाय शटर चढायचंच नाही! वर घड्याळासारखे काटे, किती फोटो उरले, बॅटरी किती, सगळं काट्यांवर. रोल नसताना लिव्हर कशाला असं लोक म्हणाले असतील, पण ती लिव्हर शटर चढवायचं खरं काम करायची म्हणून माझ्या लेखी तो कॅमेरा अस्सल.

एक्स १०० बद्दल विचारलंस. पहिला २०११ मध्ये बाजारात आला आणि ही सगळी लाट खऱ्या अर्थाने त्यानेच आणली. त्याचं मोठेपण डायलींपेक्षा व्ह्यूफाइंडरमध्ये आहे. पुढची खिट्टी ओढली की स्क्रीन जाऊन साधी काच येते आणि तिच्यात फ्रेमची चौकट तरंगते, म्हणजे चौकटीबाहेरचंही दिसत राहतं. पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाकडे येते तेव्हाची गर्दी तुला माहितीये, डोक्यावर तुळस घेतलेली बाई चौकटीत यायच्या आधीच तुला दिसते, तू थांबतोस, ती येते, तू बटण दाबतोस. लीफ शटर (लेन्समध्येच बसवलेलं पात्यांचं शटर) असल्यामुळे आवाज जवळजवळ नाहीच, कीर्तनातसुद्धा कोणी वळून बघत नाही. फक्त त्याच्या लेन्सवर फोकसच्या अंतराचे आकडे नाहीत, ते व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतात. माझ्या जुन्या २३ एमएम एफ १.४ वर आहेत, रिंग मागे ओढली की आकडे उघडे पडतात, ॲपर्चर ८ ला फोकस साधारण सव्वातीन मीटरवर ठेवला की पावणेदोन मीटरच्या आतल्यापासून पार टोकापर्यंत चालण्याइतकं शार्प. तुळशीबागेच्या बोळांत ऑटोफोकसला गर्दीत कोण धरू कळत नाही, तिथे मी हेच करतो.

त्रासही सांगतो. हे सगळे कॅमेरे पुढून सपाट असतात, बोटांना पकड कमी, जड झूम लावलीस तर मनगट भरून येतं, झेडएफ तर बॅटरी-कार्ड धरून ७१० ग्रॅम आहे, त्याला वेगळी ग्रिप लावावीच लागते. लग्नं करायची असतील, दिवसभर ७०-२०० ची मोठी झूम लावून उभं राहायचं असेल तर यातला एकही घेऊ नकोस, खोलगट पकडीचा नेहमीचा बरा. लहान, हलक्या, एका फोकल लेंग्थच्या लेन्सवर मात्र यांच्यासारखं सुख नाही. फुजीच्या फिल्म सिम्युलेशनबद्दल (फोटोला फिल्मसारखे रंग देणाऱ्या सोयीबद्दल) सगळे भरभरून बोलतात, त्यातलं क्लासिक क्रोम मलाही आवडतं, पण रंग नंतरही बदलता येतात, हाताची सवय नंतर नाही लागत.

आणि हे खास तुझ्यासाठी. काकांची ती ५० एमएमची निक्कॉर, निकॉनची जुन्या एआय प्रकारची हाताने फोकस करायची लेन्स, अजून कपाटात आहे ना? ती झेडएफला एफटीझेड ॲडॅप्टरने (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसवायच्या जोडाने) लागते. फोकस हाताने करायचा, कॅमेऱ्याला फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर सांगून ठेवायचं म्हणजे हात हलला तरी फोटो धूसर होऊ न देणारं स्टॅबिलायझेशनही नीट चालतं, मॅन्युअल लेन्सवरसुद्धा तो चेहरा शोधतो आणि बटण दाबलं की डोळ्यावर झूम करून दाखवतो. आणि मुख्य म्हणजे आकडेवाली, खटकेवाली ॲपर्चर रिंग परत मिळते, माझी सगळ्यात मोठी तक्रार तिथेच मिटते. ती लेन्स ठीक असेल तर तू झेडएफ घे, नसेल तर एक्स-टी ५.

पालखीला येतोयस तेव्हा ती घेऊन ये. आणायच्या आधी मागून टॉर्च मारून आत बुरशीचं जाळं आहे का बघ, आणि रिंग फिरवून आतली ॲपर्चरची पाती तेलकट होऊन चिकटत नाहीत ना तेही. ॲडॅप्टर आणि झेडएफ दोन्ही मी एका मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून ठेवतो, भवानी पेठेपासून नाना पेठेपर्यंत झेडएफ आणि माझा एक्स-टी ५ असे दोन्ही कॅमेरे घेऊन चालू, मग ठरव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मंद्या