परदेशात गेल्यावर सहा महिन्यांनी काय होतं तेही छापा

मा. संपादक,
स.न.

दरवर्षी ॲडमिशनच्या सीझनला तुमच्या पेपरात परदेशी शिक्षणाची पुरवणी येते, त्यात व्हिसा, स्कॉलरशिप, युनिव्हर्सिट्या सगळं नीट दिलेलं असतं आणि त्याचा उपयोगही होतो. पण तिकडे पोचल्यावर रोजचं जगायचं कसं, यावर फारसं काही वाचायला मिळत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. मी स्वतः बाहेर राहून आलेय आणि आता ओळखीतली मुलं जाताना बघते, तयारी सगळी बॅगेच्या वजनापाशी येऊन थांबते.

घरच्यांना वाटतं पहिले पंधरा दिवस जड जातील, मग होईल सवय. बऱ्याच जणांचं नेमकं उलटं होतं. सुरुवातीला सगळं नवीन असतं, फोटो काढले जातात, फोनवर आवाजसुद्धा उत्साहाचा असतो, आणि खरा त्रास पुढे, नवलाई संपल्यावर सुरू होतो. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने 1954 मध्ये रिओ दि जानेरोमधल्या एका क्लबात भाषण देताना हेच सांगितलं होतं, ते 1960 मध्ये लेख म्हणून छापूनही आलं. त्यांचं म्हणणं असं की भारावलेपण काही दिवसांपासून ते सहा महिन्यांपर्यंत टिकतं, नंतर माणूस तिथल्या सगळ्यावरच चिडायला लागतो. 1955 मध्ये लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेच्या स्कॉलर्सचा अभ्यास छापला, त्यातही सहा ते अठरा महिने राहिलेल्यांचं जुळवून घेणं सगळ्यात कमी पडलेलं दिसलं, त्याहून कमी आणि त्याहून जास्त राहिलेले दोघंही बरे होते. अर्थात सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पुढे न्यूझीलंडमध्ये शिकणाऱ्या जपानी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात ताण अगदी सुरुवातीलाच सगळ्यात जास्त दिसला होता. त्यामुळे "आता इतके महिने झाले, अजून कसं रुळत नाहीस" हे वाक्य तरी घरच्यांनी बोलू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि त्रास होतो तो काही मोठ्या गोष्टींचा नसतोच. भेटल्यावर हात मिळवायचा की नुसती मान हलवायची, टिप कधी द्यायची आणि किती, प्रोफेसरला नावाने हाक मारायची का, कुणी "ये ना कधीतरी" म्हणालं तर ते खरं आमंत्रण आहे का बोलण्याची पद्धत, ट्रेनमध्ये किती आवाजात बोललेलं चालतं, कचऱ्याचा कुठला डबा कशासाठी. आपल्याकडे हे सगळं विचार न करता होत असतं, तिकडे प्रत्येक वेळी थांबून विचार करावा लागतो आणि संध्याकाळपर्यंत डोकं इतकं थकतं की काही काम न करताही झोप येते. भाषेच्या परीक्षेत उत्तम स्कोअर मिळवलेली मुलंसुद्धा काउंटरवरच्या माणसाचं भरभर बोलणं कळलं नाही की गप्प होतात, फोन उचलायला टाळतात. ही हुशारी कमी पडल्याची खूण नाही हे त्यांना आधीच कुणीतरी सांगायला हवं, नाहीतर ती स्वतःलाच दोष देत बसतात.

ओबर्ग यांनी लक्षणंही दिलीत, सारखे हात धुणं, पाण्याची नि अन्नाची नको इतकी काळजी, जराशा उशिराने भडकणं, शून्यात बघत बसणं आणि आपल्याच देशाच्या लोकांना चिकटून राहणं. यातलं शेवटचं मला फार महत्त्वाचं वाटतं. आपली माणसं हवीतच, कागदपत्रं, भाड्याचं घर, डॉक्टर यात जुन्या लोकांची मदत घ्यायलाच पाहिजे, पण रोज संध्याकाळी एकत्र बसून "इथले लोक असलेच" हाच विषय सुरू झाला की मुलगा तिथेच अडकतो. त्यापेक्षा शेजाऱ्याला, वर्गातल्या कुणाला सरळ विचारावं, मी नवीन आहे, इथे हे कसं करतात. असं विचारल्यावर बहुतेक लोक खूप आपुलकीने सांगतात, हा माझा अनुभव आहे, आणि तिथूनच ओळख वाढते.

काही गोष्टी मात्र पाठच हव्यात. जर्मनीत घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, जपानमध्ये 14 दिवसांत, आणि पुढची बरीच कामं त्या नोंदीवर अडतात. युरोपियन युनियनमध्ये इमर्जन्सीला 112, अमेरिकेत 911, जपानमध्ये पोलिसांना 110 आणि ॲम्ब्युलन्सला 119. पोलिसांनी ताब्यात घेतलंच तर आपल्या वकिलातीला कळवा असं सांगायचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराने दिलेला आहे, हे किती मुलांना माहीत असतं?

परत येणाऱ्यांचंही कुणी विचारत नाही. घरी आल्यावर पुन्हा तसंच परकं वाटू शकतं, यावरसुद्धा कित्येक वर्षांपासून लिहिलं गेलंय, पण आपल्याकडे परत आलेल्याला "आता काय, सुटलास" एवढंच म्हणतात.

म्हणून विनंती आहे की पुरवणीत एक पान यासाठी ठेवा. एजंटांच्या मुलाखती नकोत, दीड-दोन वर्षं राहिलेल्या विद्यार्थ्यांना, नोकरीवाल्यांना आणि मुख्य म्हणजे नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर गेलेल्या पण तिकडे काम करायची परवानगी नसलेल्यांना लिहू द्या, कारण दिवसभर घरात एकटं तेच असतात. सोबत एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून वाचकांच्या पत्रांना उत्तरं मिळाली तर फार बरं होईल. सप्टेंबरमध्ये जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना जूनपर्यंत हे वाचायला मिळालं पाहिजे.

आपली,
एक नियमित वाचक