ताश्कंदहून पत्र

प्रिय संज्या,

तुझ्या भाषेत सांगायचं तर ‘पोचलो, जेवलो, झोपलो’. पण एवढ्यावर तू ऐकणार नाहीस, म्हणून सविस्तर लिहितोय.

ताश्कंद म्हटलं की आपल्याला शास्त्रीजीच आठवतात. १० जानेवारी १९६६ला करारावर सही झाली आणि त्याच रात्री ते गेले. संरक्षणमंत्री म्हणून यशवंतरावही त्या वेळी इथेच होते. इथे शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे, अर्धपुतळाही आहे. मी तिथे गेलो तेव्हा कोणीतरी ठेवलेली दोन फुलं सुकून पडली होती. उभा राहिलो थोडा वेळ.

पण त्यांनी पाहिलेलं ताश्कंद फार काळ टिकलं नाही. साडेतीन महिन्यांनी, २६ एप्रिलला पहाटे भूकंप झाला. तीव्रता पाचच्या थोडी वर, पण केंद्र शहराच्या पोटातच आणि तेही अगदी उथळ. मातीची घरं बसली, सुमारे ३ लाख लोक उघड्यावर आले. मग सोव्हिएत संघाच्या कानाकोपऱ्यातून कामगार आले आणि रुंद रस्ते, चौकोनी इमारती उभ्या राहिल्या. चिलांझार भागात तर मी संध्याकाळी चक्क हरवलो. सगळ्या इमारती सारख्या, सगळे जिने सारखे! शेवटी एका आजीबाईंनी हाताला धरून मेट्रोपर्यंत सोडलं. मी ‘रहमत’, म्हणजे त्यांच्या भाषेत धन्यवाद, म्हणालो, तर त्या मनापासून हसल्या. उच्चार चुकला असणार.

मेट्रो मात्र बघायलाच हवी. १९७७मध्ये सुरू झाली आणि २०१८पर्यंत आत फोटो काढायला बंदी होती. कोस्मोनाव्तलार (म्हणजे अंतराळवीर) स्थानकाच्या भिंतींवरची निळी छटा हळूहळू बदलत जाते आणि त्यांवर गोल चकत्यांमध्ये अंतराळवीर गागारीन, तेरेश्कोवा आणि त्यांच्याच रांगेत पंधराव्या शतकातला उलुघ बेग! तैमूरचा हा नातू तारे मोजायचा. मला हा मान फार आवडला.

चोरसू बाजारात मोठ्या निळ्या घुमटाखाली मांस नि दुधाचे जिन्नस, बाहेर भाज्या, सुका मेवा, नान. नानच्या मधोमध ठसा उमटवलेला असतो, कडा फुगलेल्या. मी पिशवीतून काढून टेबलावर उलटी ठेवली, तर शेजारच्या काकांनी काही न बोलता सुलटी केली. उलटी ठेवणं म्हणजे भाकरीचा अपमान. आपली आजीही अन्नाला पाय लागला की हात जोडायची, आठवतंय?

आणि शब्द! बाजाराला ‘बोझोर’, दुकानाला ‘दुकोन’, मैदानाला ‘मयदोन’, हवेला ‘हावो’. फारसीने आपल्याकडे पाठवलेलं सामान इथेही उतरवलंय. पाट्या वाचत फिरताना घरी असल्यासारखं वाटतं आणि लगेच पुढचा शब्द अजिबात कळत नाही.

पुलाव दुपारी खावा, संध्याकाळी गेलास तर कढई रिकामी. गाजर ढीगभर, तेल त्याहून जास्त. माझं पोट दोन दिवस रुसलं होतं, पण वहिनींना हे सांगू नकोस.

रस्त्याच्या कडेने पाण्याचे पाट वाहतात, त्यांना ‘अरिक’ म्हणतात. वर चिनारांची सावली. आत्ता एका पाटाकाठीच बसून लिहितोय. चहावाला तिसऱ्यांदा पियाला भरून गेलाय, तोही अर्धाच. पाहुण्याला पुन्हा पुन्हा वाढता यावं म्हणून!

तुझाच,
विन्या