ट, ठ, ड, ढ ला कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतले मुलांचे पान मी आवर्जून वाचते. शब्दकोडे, चित्रांतले फरक, सुडोकू असे बरेच काही त्यात असते. त्यात आणखी एका खेळाची भर घालावी, एवढे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. खेळ नवा नाही. एक अक्षर घ्यायचे आणि त्या अक्षराने सुरू होणारे प्रसिद्ध माणसाचे किंवा गोष्टीतल्या पात्राचे नाव सांगायचे. भेंड्या आणि नाव-गाव-फळ-फूल खेळलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. एस.टी.च्या प्रवासात, वीज गेल्यावर, लग्नघरी रात्री गाद्या पडल्या की तो आपोआप सुरू होतो. हल्ली मुले तो ए टू झेड खेळतात. त्याला माझी हरकत नाही, इंग्रजीची फेरीही जरूर व्हावी. पण आपल्या वर्णमालेवर हा खेळ मांडला की जी माणसे पुढे येतात, ती एरवी मुलांच्या बोलण्यात येतच नाहीत, हे मी अनेक सुट्ट्यांमध्ये पाहिले आहे.

मी कराडला राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे. मे महिन्यात दुपारी उन्हाने बाहेर पडवत नाही, तेव्हा गल्लीतली मुले आमच्या सोप्यात जमतात आणि हा खेळ रंगतो. आमचा पहिला आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की अक्षर माणसाच्या पहिल्या नावाचे धरायचे, आडनावाचे नाही. यावर मुले सुरुवातीला कुरकुर करतात, कारण आडनावाने खेळणे सोपे जाते. टिळक, आगरकर, रानडे, गोखले, आंबेडकर, सावरकर ही नावे पाठ्यपुस्तकातून तयारच असतात. पण त्या रांगेत बाई कुठे आहे? ‘क’ ला कर्वे म्हटले की सगळ्यांना धोंडो केशवच आठवतात आणि डाव पुढे सरकतो. पहिल्या नावाने खेळले तर ‘इ’ वर त्यांच्या सूनबाई येतात, मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे. फुले म्हटले की जोतीराव, पण ‘स’ म्हटले की सावित्रीबाई, आणि तेही कोणाच्या मागून नव्हे, आपल्या स्वतःच्या अक्षरावर. ‘आ’ ला 1886 साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. ‘र’ ला रखमाबाई. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असे त्यांनी 1880 च्या दशकात मुंबईच्या कोर्टात ठामपणे सांगितले, पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला दवाखाने चालवले.

याच ‘र’ वर एक गंमत होते. मूल नुसते ‘रमाबाई’ म्हणाले तर आम्ही गुण देत नाही, कोणत्या रमाबाई ते विचारतो. पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे आणि रमाबाई आंबेडकर या तिघींची आयुष्ये किती वेगळी! एक संस्कृतची पंडिता, जिने मुक्ती मिशन उभारले. एक सासरच्या बायकांचे टोमणे ऐकत नवऱ्याकडून शिकली आणि पुढे सेवासदनाचा कारभार पाहू लागली. एक शेणी थापून घर चालवत राहिली, म्हणून बाबासाहेबांना शिकता आले. ‘त’ वरही तसेच. राजारामांच्या मागे औरंगजेबाशी झुंज देणाऱ्या महाराणी ताराबाई, 1882 मध्ये बायकांची बाजू घेऊन सणसणीत पुस्तक लिहिणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे आणि आदिवासी मुलांची बालवाडी त्यांच्या अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक. एका अक्षरावर, एकाच नावाच्या तीन बायका. मुलांना फरक सांगता येईपर्यंत डाव थांबतो आणि तो थांबलेला मला आवडतो.

दुसरी गोष्ट अवघड अक्षरांची. क, म, र, स ही अक्षरे म्हणजे पाटीभर नावे. खरा कस लागतो तो ट-ठ-ड-ढ वर. संस्कृतातून आलेली नावे या अक्षरांनी फारशी सुरू होत नाहीत, त्यामुळे पोथ्यांतले देव, राजे, ऋषी इथे मदतीला येत नाहीत. इथे येतात ती माणसे रानातली, गावातली, हाक मारायच्या नावाने ओळखली जाणारी. ‘ट’ ला टंट्या भिल्ल. निमाडच्या रानात इंग्रजांना वर्षानुवर्षे हुलकावणी देणारा, सावकारांना लुटून गरिबांना वाटणारा हा माणूस 1889 मध्ये जबलपूरला फासावर गेला. ‘ठ’ ला ठक्करबाप्पा. इंजिनिअरची नोकरी सोडून त्यांनी उरलेले आयुष्य भिल्लांमध्ये आणि दलित वस्त्यांमध्ये घालवले. (ठक्कर हे आडनाव खरे, पण साऱ्या देशाने त्यांना याच नावाने हाक मारली म्हणून आम्ही ते चालवून घेतो.) ‘ड’ ला बहुतेक मुले डोरेमॉन म्हणतात आणि तेही बरोबरच आहे, पात्र प्रसिद्ध आहे. पण आमच्याकडे आता प्रत्येकाला ठाऊक असलेले उत्तर म्हणजे डेबूजी. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या परटाचा मुलगा डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. हे नाव पहिल्यांदा निघाले तेव्हा गाडगेबाबांचा फोटो घरात असलेली मुलेसुद्धा चकित झाली होती. ‘ढ’ ला मात्र माणूस सापडायला वेळ लागतो. ‘धर्मयुग’ हे हिंदी साप्ताहिक वाचणाऱ्या पिढीला आबिद सुरतींचा ढब्बूजी आठवतो, काळा डगला घातलेला व्यंगचित्रातला बुटका वकील. आणखी नाव कोणाला सुचले तर मला वाचायला फार आवडेल.

थ, ख, झ ही अक्षरेही अशीच. ‘थ’ ला थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज पाद्री 1579 मध्ये गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि 1616 मध्ये त्याचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला छापले गेले. ‘झ’ ला झाशीच्या राणीच्या सैन्यातल्या झलकारीबाई. ‘ख’ आला की आमच्या भागात चढाओढच लागते, कारण खाशाबा जाधव इथून जवळच्या गोळेश्वरचे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक, आणि दुसरे यायला 1996 उजाडावे लागले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी वर्गणी गोळा झाली होती, हे सांगितले की मुले गप्प होतात. ‘स’ वर शेजारच्या सांगलीत वाढलेली स्मृती मानधनाही हमखास येते, आणि यावी. आजच्या माणसांनाही या खेळात जागा हवी, नाहीतर तो परीक्षेसारखा होईल.

ण आणि ळ ने नाव सुरू होत नाही, म्हणून बहुतेक जण ती अक्षरे सोडून देतात. आम्ही ती शेवटी धरतो. ण ला लक्ष्मण, रावण, कुंभकर्ण. ळ ला गोपाळ, आणि दमयंतीचा नळ.

मोठ्या मुलांसाठी बाराखडीची फेरी आहे. एकच अक्षर घ्यायचे आणि काना, वेलांटी, उकार, मात्रा लावत जायचे. ‘क’ घेऊ. क ला कमला सोहोनी. बाई आहे म्हणून बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी आधी त्यांना प्रवेश नाकारला होता, त्याच कमलाबाईंनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. का ला कान्होजी आंग्रे. कि ला किशोरी आमोणकर. की ला कीचक. कु ला कुसुमाग्रज. के ला केशवसुत, कै ला कैकेयी, को ला मूठभर माणसांनिशी 1673 मध्ये पन्हाळा घेणारे कोंडाजी फर्जंद, कौ ला कौसल्या किंवा कौटिल्य, कं ला कंस. मधला दीर्घ कू सगळ्यांना अडतो. एकदा तो असाच अडला होता. एका मुलाची आजी त्याला बोलवायला म्हणून दारात आली होती, ती उंबऱ्यावरच टेकली आणि म्हणाली, “अरे, कूर्मदास की! वारीला कधी गेला न्हाईत व्हय?” मग तिने सांगितले, हात-पाय नसलेला पैठणचा कूर्मदास पोटावर सरपटत पंढरीला निघाला, लऊळपर्यंत पोचला, पुढे जाववेना, तेव्हा विठ्ठलच त्याला भेटायला तिथे आला. आजींना लिहिता-वाचता येत नाही. त्या दिवशी त्यांच्या नातवाने आमच्याकडच्या वहीत ते नाव मोठ्या अक्षरांत लिहिले, आणि आजी ते लिहून होईपर्यंत जाग्यावरून हलल्या नाहीत.

या खेळात पुस्तकी शिक्षणाचा वाटा मोठा असेल असे वाटते, तसे होत नाही. वारी केलेला, तमाशा पाहिलेला, रेडिओ ऐकलेला, क्रिकेटवेडा, नातवाबरोबर कार्टून बघणारा असा प्रत्येक जण आपापले नाव घेऊन येतो. फक्त नावापाठोपाठ एक वाक्य सांगता आले पाहिजे: हा कोण, ही कोण. वाक्य नाही तर गुण नाही. नुसत्या नावांची यादी तर मोबाइलही देतो.

त्या वाक्यात खरे माणूस की गोष्टीतले पात्र हेही सांगायचे असते. इथे मुलांचे वाद बघण्यासारखे असतात. फास्टर फेणे, गोट्या, चिमणराव हे गोष्टीतले, यावर एकमत होते. पण शेरलॉक होम्स खरा होता, लंडनमध्ये त्याचे घर आहे, असे छातीठोकपणे सांगणारा कोणीतरी असतोच. ते घर म्हणजे पात्राच्या नावाने केलेले संग्रहालय आहे, हे त्याला पटवावे लागते. उलट बिरबल हा गोष्टीतला, असे बहुतेकांना वाटते. तो अकबराच्या दरबारातला खरा माणूस होता आणि 1586 मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या लढाईत मारला गेला, हे ऐकून मुलांना वाईट वाटते. मोठ्यांची अशीच गडबड घाशीराम कोतवालाबद्दल होते. नाटकामुळे तो नाटकातलाच वाटतो. पण तो पुण्याचा खराखुरा कोतवाल होता आणि 1791 मध्ये चिडलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. खरे काय आणि रचलेले काय हे विचारायची सवय मुलांना खेळता खेळता लागत असेल तर मला ती फार मोलाची वाटते. फोनवर येणारा प्रत्येक मजकूर खरा मानून पुढे पाठवण्याच्या या दिवसांत तर जास्तच.

आद्याक्षरांचा एक नियम सांगायचा राहिला. आपल्याकडे लेखक आद्याक्षरांनीच ओळखले जातात. मुलाने पु. ल. म्हटले तर पुरुषोत्तम लक्ष्मण, ग. दि. मा. म्हटले तर गजानन दिगंबर, असे ते उलगडून सांगावे लागते. पी. सावळाराम हे नाव आले की वाद ठरलेला, कारण मूळ नाव निवृत्ती रावजी पाटील. मग त्यांना प वर बसवायचे की न वर? आम्ही दोन्हीकडे बसवतो.

आता विनंती. मुलांच्या पानावर दर रविवारी एक अक्षर द्यावे. वाचकांनी त्या अक्षराचे एक नाव आणि त्या माणसाबद्दल एक वाक्य पाठवावे. बक्षीस नको. बक्षीस आले की आई-वडील पाठवू लागतात. मुलांच्या बरोबरीने आजी-आजोबांकडूनही नावे मागवावीत आणि पाठवणाऱ्याच्या गावाचे नाव जरूर छापावे, म्हणजे कोणत्या भागात कोण आठवते तेही दिसेल. विदर्भातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या, बेळगाव-गोव्याकडच्या वाचकांच्या ‘झ’ आणि ‘ढ’ ला कोण येते, हे जाणून घ्यायची मला मनापासून उत्सुकता आहे. जागेची अडचण असेल तर पाच-सहा नावे छापली तरी पुरे, मात्र ती नेहमीची नसावीत. आणि सुरुवात ‘अ’ पासून करू नये. ‘अ’ ला शेकडो पत्रे येतील आणि त्यांतली बहुतेक सारखी असतील. ‘ट’ पासून करावी. पत्रे कमी येतील, पण ती घरातल्या मोठ्यांना विचारून लिहिलेली असतील.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
कराड, जि. सातारा