भुशातून खाद्य, पण रान राखून: मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मत्स्यव्यवसाय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: लाकडाच्या भुशापासून मत्स्यखाद्यातले प्रथिन तयार करण्याची चाचणी कोकणात घेण्याबाबत

स.न.वि.वि.

मी देवगड तालुक्यात वाघोटण खाडीच्या काठी कोळंबीची दोन तळी चालवते. माझे सासरे रापणकरी, किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे. एकाच घरात एकजण समुद्रातून मासळी ओढतो आणि दुसरी खाडीकाठी कोळंबी वाढवते, म्हणजे घर भरलेलं असणार असं कुणालाही वाटेल. आमच्याकडे मात्र या दोन धंद्यांचं एकमेकांशी वाकडं आहे. हे पत्र त्यासाठीच आहे.

पहाटे तळ्यात पहिलं खाद्य पडतं. गोणीची शिवण ओढली की वास येतो. सुक्या मासळीचा, थोडा खवट, थोडा गोडसर. सासरे एकदा तळ्यावर आले होते. त्यांनी गोणीतले मूठभर दाणे तळहातावर घेतले, नाकाशी नेले आणि म्हणाले, "ही तर आमचीच तारली गो." पुढे काही बोलले नाहीत. त्या आठवड्यात रापण दोनदा घातली होती आणि दोन्ही वेळा जाळ्यात केरकचरा आणि जेली मासे आले होते.

कोळंबीच्या खाद्यात सोयापेंड असते, गव्हाचं पीठ असतं आणि मासळीची कुटी असते. चार-साडेचार किलो ओली मासळी वाळवून दळली की एक किलो कुटी होते. ही मासळी येते कुठून हे बंदरावर उभं राहिलं की दिसतं. खाण्याचे बांगडे एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला बोटाएवढे बांगडे, तारली, मांदेली, काय काय एकत्र चेचलेलं, क्रेटच्या क्रेट कुटीच्या टेम्पोत. त्यातल्या बऱ्याच मासळीने एकदाही अंडी घातलेली नसतात. आपल्या सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिला. निर्णय चांगला होता, मी त्याचं मनापासून स्वागत केलं. पण बारीक मासळीला गिऱ्हाईक असेपर्यंत ती पकडली जाणारच. आणि साहेब, त्या मासळीचं शेवटचं गिऱ्हाईक मीच आहे. किलोभर कोळंबी वाढवायला मला साधारण दीड किलो खाद्य लागतं, माझ्या एकूण खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा त्या गोणीत जातो, आणि तो पैसा फिरत फिरत त्या टेम्पोपर्यंत पोचतो.

कुटीऐवजी सगळी सोयापेंड घाला, असं म्हणणारे आहेत. काही प्रमाणात ती घातली जातेच. पण सोया काही वाघोटण खाडीवर पिकत नाही, तिचा भाव मला न विचारता वरखाली होतो. एका वर्षी मधल्या हंगामात गोणीचा भाव इतका चढला की मला कोळंबी पुरती वाढायच्या आत काढून विकावी लागली. तेव्हापासून मी खाद्यात दुसरं काय चालेल याबद्दल मिळेल ते वाचत आले.

वाचता वाचता लाकडापाशी आले. पहिल्यांदा मलाही खरं वाटलं नव्हतं. लाकडात प्रथिन जवळपास नसतंच. पण लाकडाच्या वजनातला दोन तृतीयांशाच्या आसपासचा भाग म्हणजे घट्ट बांधून ठेवलेली साखर आहे. उसासारखं लाकूड पिळून रस निघत नाही. दाबाखालची वाफ आणि विकरं (एन्झाइम) वापरून ती साखर सोडवावी लागते. मग त्या साखरपाण्यात यीस्ट सोडायचं. आपल्या माडीला फेस आणणाऱ्या जिवांचीच ही जात. फरक एवढाच की इथे त्याला भरपूर हवा द्यायची, म्हणजे ते दारू न करता स्वतः वाढतं, आणि नत्रासाठी अमोनिया किंवा युरिया द्यायचा. साखर आणि नत्र खाऊन ते प्रथिन तयार करतं. वाळवलेल्या यीस्टमध्ये निम्म्याच्या आसपास प्रथिन असतं. ढोबळ हिशेबाने टनभर कोरड्या लाकडातून, सगळं नीट साधलं तर, पाव टन यीस्ट. उरलेलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा भाग, बॉयलरमध्ये जळतं, त्यावरच यीस्ट वाळवता येतं.

ही नवलाई नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीने लाकडाच्या साखरेवर टोरुला यीस्ट वाढवलं होतं. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात कागदाच्या लगद्याच्या गिरणीतून उरणाऱ्या पाण्यावर बुरशी वाढवून पेकिलो नावाचं प्रथिन डुकरांना आणि कोंबड्यांना खाऊ घालत. पुढे त्या जातीच्या गिरण्या बंद झाल्या, तसा कच्चा मालही आटला. आता तिथेच ते तंत्र पुन्हा उभं राहतंय. नॉर्वेत ओस इथल्या जीवविज्ञान विद्यापीठात स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडातल्या साखरेवर वाढवलेलं टोरुला यीस्ट सॅमन माशांना देऊन पाहिलं गेलं. सोयापेंडीने सॅमनच्या आतड्याला येणारी सूज या यीस्टमुळे आटोक्यात राहते, असंही तिकडच्या प्रयोगांत दिसलं. तळ्यांत वाढवतात त्या व्हेनामी जातीच्या कोळंबीच्या खाद्यातही कुटीचा काही भाग काढून टोरुला घालता येतं. सगळी कुटी काढता येत नाही. यीस्टमध्ये मेथिओनीन हा प्रथिनातला गरजेचा घटक कमी पडतो, तो वरून द्यावा लागतो.

आता आमच्या बाजूचं. तरळ्यापासून कणकवलीपर्यंत सॉ मिल आहेत. त्यांच्या मागच्या अंगाला भुशाचे ढीग असतात. थोडा भुसा आंब्याच्या पेट्यांत जातो, थोडा चुलीत, थोडा कोंबड्यांच्या शेडमध्ये. उरलेला पावसात भिजतो. आमच्याकडच्या एका मिलच्या मागून व्हाळ (ओढा) जातो. जूनच्या पहिल्या सरी झाल्या की त्या व्हाळाचं पाणी बिनदुधाच्या चहासारखं काळपट होतं आणि तसंच खाडीला मिळतं. तोच भुसा आहे, ज्यात साखर आहे. जुन्या कलमांची छाटणी, मोडलेल्या काजूंची खोडं, सामाजिक वनीकरणातला अकेशिया, बांबूच्या कामातले तुकडे, हे वेगळंच.

पण नॉर्वेची कृती उचलून इथे आणली तर फसगत होईल. स्प्रूस हे मऊ लाकूड. आमचा आंबा, काजू, अकेशिया यांच्यात झायलोज नावाची साखर जास्त असते, आणि पाव फुगवायचं साधं यीस्ट ती खात नाही. टोरुला खातं. अकेशियाच्या सालीत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, त्याने आंबवण बिघडू शकतं. भुसा कुठल्या झाडाचा, किती भिजलेला, त्यात साल किती, यावर सगळं ठरणार. म्हणून हे काम इथल्याच लाकडावर, इथल्याच पाण्यात करून बघायला हवं. रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे. माशांना काय पचतं हे सांगणारे आणि लाकूड ओळखणारे, दोघेही एका विद्यापीठाच्या छपराखाली आहेत. (त्यांनी जाता जाता बोंडू, म्हणजे काजूचं फळही बघावं. मार्च ते मे आमच्या काजूच्या बागांखाली बोंडूचा सडा कुजत पडतो. त्यातली साखर तर सोडवावीही लागत नाही.)

मंत्रिमहोदय, माझी खरी भीती आता सांगते. आपण हे मनावर घेतलंत, कारखाना उभा राहिला, आणि त्याला भुसा पुरेना झाला, तर काय होईल? आमच्याकडचं बहुतेक रान खासगी मालकीचं आहे. मालक मुंबईत, पैशाची नड, दलाल दारात. करूळ घाट चढून कोल्हापूरकडे जाणारे जळाऊ लाकडाचे ट्रक रात्री आम्ही मोजतो, आणि ते काही भुशाचे नसतात. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वृक्षतोडीला बंदी घातली, तरी तोडीच्या बातम्या येत राहिल्या. अशा ठिकाणी लाकडाला नवं गिऱ्हाईक मिळालं तर रानाचं तेच होईल जे तारलीचं झालं. आधी म्हणे कुटीला फक्त फेकून द्यायची मासळी जायची. मग कुटीसाठीच मासळी पकडायला लागले. रान गेलं की डोंगराची माती खाडीत येते, खाडी भरते, आणि मग ना रापण ना तळं.

म्हणून माझी मागणी कारखान्याची नाही, चाचणीची आहे. आणि तिला पहिल्याच कागदावर अट हवी: उभं झाड नाही. फक्त मिलचा भुसा, फळबागेची छाटणी आणि बांबूचे तुकडे, तेही कुठून किती आले याची नोंद ग्रामपंचायतीच्या फलकावर. आधी कणकवली आणि देवगड या दोन तालुक्यांत वर्षाला भुसा किती निघतो ते मोजा, आणि प्रकल्पाचा आकार त्या आकड्यावरून ठरू दे. सांडपाण्याचंही आधीच ठरवा. यीस्टच्या टाक्यांतून निघणारं पाणी पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, ते खाडीला सोडून चालणार नाही. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या पाण्याबद्दल दाभोळ खाडीतले मच्छीमार किती वर्षं अर्ज करत आहेत, हे आपल्या कार्यालयात कुणालाही विचारा.

लाकडाचं हे यीस्ट आज कुटीपेक्षा आणि सोयापेंडीपेक्षा महाग पडतं, हे मला ठाऊक आहे. नुसत्या बाजारावर सोडलं तर ते कोकणात यायला वीस वर्षं लागतील, आणि तोवर बंदरावरचा टेम्पो थांबणार नाही. लाकूड वनखात्याचं, खाद्य आपल्या खात्याचं, संशोधन कृषी विद्यापीठाचं. फाईल या तिघांच्या मधल्या फटीत पडू नये, एवढ्यासाठीच मी कुणा अधिकाऱ्याला न लिहिता थेट आपल्याला लिहिते आहे. २०२५ मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. शेतकऱ्याला बियाण्याची आणि खताची चाचणी आपल्या शेतात घेऊन बघता येते. आम्हाला आमच्या तळ्यात खाद्याची चाचणी घेऊ द्या.

माझं धाकटं तळं, अर्ध्या एकराचं, मी एका हंगामासाठी द्यायला तयार आहे. बीज, वीज आणि मजुरी माझी. विद्यापीठाने खाद्य आणावं आणि विद्यार्थ्यांनी चेक ट्रेमधली (तपासणीसाठी तळ्यात सोडलेल्या जाळीदार ताटातली) कोळंबी रोज मोजावी. मोठं तळं शेजारीच आहे, त्यात नेहमीचं खाद्य चालू राहील, तुलना तिथल्या तिथे होईल. पावसाळ्याआधी तळी रिकामी करून तळ वाळवते, त्यामुळे तयारीची सगळी बोलणी मे महिन्यात झाली तर बरं. आणि पहिली गोणी उघडायच्या दिवशी मी सासऱ्यांना तळ्यावर बोलावणार आहे. दाणे त्यांच्या हातावर ठेवायचे आहेत.

आपली नम्र,
वाघोटण खाडीकाठची एक कोळंबी उत्पादक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग