खुर्ची कोरियाची, भाडं हवेचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत कोरियन फर्निचर परदेशी बाजारात कसं पोहोचलं, यावरचा लेख वाचला. लेखाचा सूर असा की कोरियन मालिका घरोघरी बघितल्या जातात, त्यातली उजळ लाकडाची नीटनेटकी घरं लोकांच्या मनात भरतात आणि म्हणून तिथले पलंग-खुर्च्या खपतात. मालिकांचा हातभार असेलही. आमच्या सूनबाई रात्री बारापर्यंत त्याच बघत बसतात, पण अजून एक स्टूलसुद्धा मागवलेलं नाही. माझी सगळी नोकरी इथे बडोद्यातच, क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या कचेरीत निर्यातीची कागदपत्रं करण्यात गेली. बडोद्याजवळच्या दशरथ गावच्या कंटेनर डेपोत माल भरताना उन्हात उभी राहिले आहे. लेखात जे सुटलं ते त्या अनुभवावरून लिहिते.

फर्निचर जहाजाने पाठवणाऱ्याचं दिवाळं काढते ती हवा. चाळीस फुटी हाय क्यूब, म्हणजे जरा जास्त उंचीच्या, कंटेनरमध्ये साधारण ७६ घनमीटर जागा असते आणि वजन २५ टनांच्या वर झेपतं. फरशा भरल्या तर अर्धा कंटेनर रिकामा असतानाच वजनाची हद्द येते. जोडलेल्या खुर्च्या भरा, माल छताला टेकतो आणि वजन काही टनांवरच राहतं. आख्खा कंटेनर न परवडणाऱ्याचा माल इतरांच्या मालाबरोबर सुटा जातो. तिथे भाडं टनावर किंवा घनमीटरवर, ज्याने जास्त होईल त्याने. म्हणजे खुर्चीच्या चार पायांमध्ये जी पोकळी असते तिचंही तिकीट काढावं लागतं.

कोरियातल्या झिनस या कंपनीचं उदाहरण लेखात यायला हवं होतं. १९७९ साली ती सुरू झाली ती तंबू बनवायला. जिनवुंग हे तिचं जुनं नाव. पुढे ती गाद्यांकडे वळली. फोमची गादी दाबायची, आतली हवा काढून प्लास्टिकमध्ये बंद करायची, गुंडाळायची आणि खोक्यात घालायची. दोन माणसं झोपतील एवढी गादी दारात उभ्या खोक्यातून येते आणि उघडली की फुगते. अमेरिकेत ॲमेझॉनवरून तिने अशा गाद्या आणि सुट्या भागांचे पलंग अमाप विकले. २०२२ मध्ये ह्युंदाई डिपार्टमेंट स्टोअर समूहाने ती ताब्यात घेतली. मला यात नवल वाटत नाही. अवाढव्य वस्तू लहान पिशवीत कशी कोंबायची हेच ज्यांचं मूळ शिक्षण, त्यांना गादी काय अवघड!

आता यातली मेख अशी, की या कंपनीचा माल कोरियातून निघतोच असं नाही. आधी तो चीनमधून जायचा. अमेरिकेने २०१९ मध्ये चिनी गाद्यांवर अँटी-डंपिंग शुल्क (फार स्वस्तात माल ओतणाऱ्यांवरचा जादा कर) बसवलं, तेव्हा भर इंडोनेशियावर आला. २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या गाद्यांवरही शुल्क बसलं. खुद्द अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातही तिने कारखाना काढला. नाव कोरियन, हिशेब कोरियन, फोम मात्र भलतीकडचा. लाकडाचंही तसंच. कोरियाच्या डोंगरांवर आज दाट झाडी दिसते, पण त्या देशाला लागणारं बहुतेक लाकूड बाहेरूनच येतं.

कस्टम्सला अर्थातच नावाशी घेणं-देणं नसतं. भारत-कोरिया व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे. त्याखाली कमी शुल्क हवं असेल तर माल कोरियात घडल्याचा दाखला लागतो आणि सर्वसाधारण नियमाने किमतीतला किमान ३५ टक्के वाटा तिथला असावा लागतो. सप्टेंबर २०२० पासून आपल्याकडे नुसत्या दाखल्यावर भागत नाही, तो ३५ टक्क्यांचा हिशेब आयातदाराने स्वतःजवळ ठेवायचा असतो. लेख वाचून कुणी कोरियन फर्निचर मागवून विकायचा बेत करत असेल, तर त्याने आधी हे बघावं, मग रंग निवडावा.

ऑफिसच्या खुर्च्यांबद्दल थोडं. कोरियातल्या फर्सिस समूहाच्या सिडिझ खुर्च्या बाहेर चालतात. अमेरिकेत ऑफिसची खुर्ची विकायची तर गिऱ्हाईक बिफमाच्या, म्हणजे तिथल्या फर्निचर उत्पादकांच्या संघटनेच्या, चाचण्या विचारतं. त्यातल्या एका चाचणीत सत्तावन्न किलोंचं वजन १ लाख वेळा आसनावर आपटतात. खुर्ची दिसायला कशी आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

एवढं सगळं लिहायचं कारण संखेडा. बडोद्याहून तासा-दीड तासाच्या अंतरावर ओरसंग नदीच्या काठी हे लाखेच्या फर्निचरचं गाव आहे. २०१३ पासून छोटा उदेपूर जिल्ह्यात गेलं, तरी आम्ही बडोदेकर ते आपलंच म्हणतो. आमच्यात कितीतरी लग्नांत मुलीबरोबर संखेड्याचा झोपाळा किंवा सोफा गेलेला आहे. खरादी मंडळी सागाचे पाय खरादावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, फिरवतात, कथलाच्या लेपाने नक्षी काढतात, अकीकाच्या दगडाने घोटतात आणि वर लाख चढवतात. लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवली की घर्षणाने वितळते आणि केवड्याच्या पानाने ती सारखी पसरवतात. लाखेखाली गेलेलं चंदेरी कथील सोन्यासारखं दिसायला लागतं. या फर्निचरला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

कोरियातही लाखेचं काम जुनं आहे, शिंपल्याचे तुकडे बसवलेल्या पेट्या तिथल्या तोंग्योंग गावच्या नावाजलेल्या. पण त्यांची लाख म्हणजे झाडाचा चीक. दमट हवेत तो आळतो आणि एकदा आळला की उष्णतेला सहसा दाद देत नाही. आपली लाख किड्याची, उष्णतेने मऊ होणारी. दशरथच्या डेपोत उभ्या केलेल्या किंवा जहाजाच्या डेकवर तापणाऱ्या लोखंडी कंटेनरमध्ये तिचं काय होतं ते मी पाहिलं आहे. मालाच्या तक्रारीबरोबर परदेशातून फोटो आला होता. खुर्चीच्या लालभडक पायावर वरपासून खालपर्यंत नाण्याएवढे गोल गोल ठसे, अगदी देवी आल्यासारखे. बबल रॅप थेट लाखेवर गुंडाळला होता. आधी मऊ सुती कापड किंवा पातळ कागद आणि त्यावर बबल रॅप, एवढंच करायचं होतं. पॅकिंग करणाऱ्या ठेकेदाराने ते केलं नाही आणि नुकसान सोसलं कारागिराने.

दुसरी अडचण खोक्याच्या लाकडाची. तयार फर्निचर आरामात जातं. अडतो तो त्याच्याखालचा पॅलेट (माल ठेवायची फळ्यांची चौकट) किंवा भोवतीचा क्रेट (फळ्यांचं खोकं). कच्च्या फळीतून कीड जाऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियम आहे: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटं द्यायची आणि गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असलेला शिक्का मारायचा, ज्यात देशाची, उपचार करणाऱ्याची आणि पद्धतीची खूण असते. संखेड्याचे एक काका मला म्हणाले होते, ‘बेन, खुर्ची अस्सल सागाची आहे, तिला कुणी विचारत नाही. आंब्याच्या फळीचा दाखला मागतात!’ त्यांचा संताप खोटा नव्हता. पण कोरियातून आलेल्या कुठल्याही मालाखालचा लाकडी पॅलेट उलटा करून बघा, शिक्का सापडेल. प्लायवूडला हा नियम लागत नाही, हेही त्या काकांना आधी कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. संखेड्याच्या खुर्चीचा पाय, दांडी, हात, पाठ, सगळं मुळात वेगवेगळंच घडतं. मग परदेशी पाठवताना ते जोडून का पाठवायचं? माझ्या भाच्याने टोरांटोला मागवलेलं कोरियन टेबल मी तिकडे गेले असताना त्याच्यासोबत जोडलं. प्रत्येक पायावर अंकाचं चिकटपत्र, स्क्रूच्या पुडीवर तोच अंक, पुडीत एक स्क्रू जास्तीचा, आणि कागदावर अक्षर जवळजवळ नाहीच, नुसती चित्रं. लेस्टर, नैरोबी, न्यू जर्सी इथली गुजराती घरं आजही दिवाणखान्यात संखेड्याचा झोपाळा मागतात. गिऱ्हाईक शोधायला जायची गरज नाही. झोपाळ्याच्या किमतीपेक्षा भाडं जास्त होतं, म्हणून ते मागे हटतं.

सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तेव्हा त्यात सुतारकाम शिकवायची सोय केली होती. आज त्याच परंपरेतल्या अभियांत्रिकी विद्याशाखेत संगणकावर खुर्चीचं चित्र काढणारी मुलं ढिगाने आहेत. त्यातल्या चौघांना एका उन्हाळी सुट्टीत संखेड्याला पाठवा. एकच झोपाळा घ्यावा, त्याचे भाग, अंक, चित्रांचा कागद आणि मापाचं पुठ्ठ्याचं खोकं एवढं तयार करावं. नक्षीला हात लावू नये. ‘मॉडर्न’ करायच्या नादात कथलाची वेलबुट्टी काढून पांढरं संखेडा फर्निचर विकणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यात माझ्या मते काही राम नाही.

खोक्याच्या फळ्या तापवायची भट्टी एकट्या कारागिराला परवडणार नाही, दहा-बाराजण मिळून किंवा सहकारी मंडळीमार्फत परवडेल. शिक्का मारायची परवानगी केंद्राच्या वनस्पती संरक्षण संचालनालयाकडून घ्यावी लागते, तपासणी होते, नोंदी ठेवाव्या लागतात. अर्ज करायला कारागीर मंडळी तयार असतील तर कागद भरून द्यायला मी मोफत येईन; दुपारी तीननंतर केव्हाही चालेल.

आपली नियमित वाचक,
दांडिया बाजार, बडोदा