वसई किल्ल्यावर राबणाऱ्या हातांना आधी शिकवा

संपादक साहेब, नमस्कार,

पावसाळा संपला की वसई किल्ल्यात पुन्हा श्रमदान सुरू होईल, म्हणून आत्ताच लिहितोय. मी वसईचाच, सुट्टीच्या दिवशी जमेल तसा तिथे जातो. पोरं लांबलांबून लोकलने येतात, स्वतःच्या पैशाने हँडग्लोव्ह्ज आणि कोयते आणतात, प्लास्टिक आणि बाटल्या गोण्या भरभरून बाहेर काढतात, त्याबद्दल त्यांचं करावं तेवढं कौतुक कमीच आहे.

पण कचरा उचलणं वेगळं आणि भिंतीवरचं झाड काढणं वेगळं. पिंपळाचं मूळ चुन्याच्या सांध्यात पार आतपर्यंत गेलेलं असतं, ते जोर लावून उपटलं की चुना सुटतो, मागोमाग दगड पण निखळतो आणि नुसतं वरून छाटलं तर पुढच्या पावसात दुप्पट फुटतं. फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या थडग्यांच्या फरश्या आहेत, तिथे मऊ झाडूच चालवायला हवा, पण उत्साहाच्या भरात कुणी तारेचा ब्रश घेऊन बसतं. मन लावून काम करणाऱ्याच्या हातून असं होतं तेव्हा फार वाईट वाटतं, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, नुकसान केलं तर कायद्यात 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड आहे. कायदा हवाच, पण माझी विनंती अशी की सीझनच्या सुरुवातीला खात्याच्या जाणकारांनी एक दिवस किल्ल्यातच ट्रेनिंग ठेवावं, कुठे हात लावायचा आणि कुठे अजिबात नाही ते दाखवावं आणि ज्यांनी ते केलंय त्यांनाच खात्याच्या माणसाच्या देखरेखीखाली भिंतीजवळ काम द्यावं, बाकीच्यांसाठी कचरा, पायवाटा, लोकांना माहिती देणं असं भरपूर काम आहेच.

काही जण विचारतात, पोर्तुगीजांची चर्चेस आपण कशाला साफ करायची? अहो, 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हाच किल्ला घेण्यासाठी केवढी माणसं गमावली! या मोहिमेत मिळालेल्या घंटा आजही भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहेत, लोक भक्तीने बघतात. जपानात क्रूसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया वसईतच जन्मले. पेशवाईचे हात बांधणारा 1802 चा तह पण वसईचाच. यातलं आपलं किती नि परकं किती, हे मला तरी वेगळं करता येत नाही, आणि भिंती पडल्या तर पोरांना हे सगळं दाखवणार कुठे?

अजून एक, किल्ल्यात प्री-वेडिंग शूटला येणाऱ्यांनी प्लीज तटावर चढू नका, वरचे दगड खरंच सुटलेत. आणि तुमच्या पेपरात श्रमदानाच्या तारखा छापून येतात, त्यासोबत चुन्याच्या बांधकामाची माहिती असणाऱ्यांनी पण यावं असं दोन ओळीत आवाहन छापलंत तर फार उपयोग होईल, असे जुने गवंडी आमच्या भागात अजून आहेत, त्यांना कुणी बोलवत नाही.

आपला,
एक वाचक, वसई